विश्लेषण : जुन्या मिनी पीसीवर मॅकओएस चालते का? आणि आणखी किती दिवस?

बीड–अहिल्यानगर रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अखेर धावली आणि शिरूर कासार तालुक्यातील रायमोहासारखी गावे रेल्वेच्या नकाशावर आली. त्याच्या दोनच दिवस आधी, १५ सप्टेंबरला, ॲपलने ‘मॅकओएस टाहो’ ही संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली केली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मात्र शिरूर कासारमध्ये बसून कार्यालयातून निघालेल्या जुन्या मिनी पीसीवर मॅकओएस चालवण्याचा बेत कोणी आखत असेल, तर त्याला दुसरी तारीखही लक्षात ठेवावी लागेल. इंटेलच्या प्रोसेसरवर चालणारी ही शेवटची मॅकओएस आहे. इकडे नवी गाडी सुरू झाली, तिकडे एका गाडीची शेवटची फेरी लागली.

मॅक नसलेल्या संगणकावर मॅकओएस चालवण्याच्या या खटाटोपाला ‘हॅकिन्टॉश’ म्हणतात. यूट्यूबवर दहा मिनिटांत होणारे हे काम प्रत्यक्षात दहा रात्री का खाते, कोणता मिनी पीसी चालतो, कोणता कधीच चालणार नाही आणि आज त्यात पैसे घालावेत का, हे समजून घेऊ.

मुळात गरज कोणाला पडते?

आयफोनसाठी ॲप बनवायचे तर ‘एक्सकोड’ हे सॉफ्टवेअर लागते आणि ते फक्त मॅकओएसवर चालते. फ्लटरसारख्या साधनांनी ॲपचे बहुतांश काम विंडोजवर करता येते. पण शेवटी आयफोनसाठीची फाईल तयार करण्याची वेळ आली की मॅकशिवाय गत्यंतर नसते. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या स्टुडिओंमध्ये लोकप्रिय असलेले ‘फायनल कट प्रो’ विंडोजसाठी निघतच नाही.

एम४ चिप असलेला मॅक मिनी ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत ५९,९०० रुपये होती, विद्यार्थ्यांसाठी ४९,९००. शहरात नोकरी असलेल्याला हा आकडा कदाचित सोसेल. घरचे अर्धे वर्ष ऊसतोडीला जाणाऱ्या, पुण्यात अभियांत्रिकी शिकून गावी परतलेल्या मुलासाठी तो मोठा आहे. आणि गावात बसून असे काम होत नाही असेही नाही. शेजारच्या आष्टी तालुक्यातील सांगवी पाटणच्या दादासाहेब भगत यांनी लॉकडाऊनमध्ये गावातल्या गोठ्यात कार्यालय थाटून ‘डिझाइन टेम्प्लेट’ हा डिझाइनचा व्यवसाय चालवला आणि पुढे ‘शार्क टँक इंडिया’मध्ये अमन गुप्ता यांच्याकडून एक कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सौदा मिळवला. इच्छा आणि कौशल्य आहे, अडते ते यंत्रापाशी.

मग नजर जाते ती जुन्या मिनी पीसीकडे. बँका, आयटी कंपन्या, कॉल सेंटर चार-पाच वर्षांनी संगणक बदलतात. लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे ईलाइटडेस्क मिनी अशी जाड वहीएवढी यंत्रे मग पंधरा-वीस हजारांच्या आतबाहेर बाजारात येतात. दिसायला मॅक मिनीसारखी, आत इंटेल. मोह होतो तो इथेच.

हॅकिन्टॉश चालतो कसा?

जून २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी मॅक आता पॉवरपीसीऐवजी इंटेलच्या प्रोसेसरवर जाणार असल्याचे जाहीर केले. जानेवारी २००६ मध्ये इंटेलवरचे पहिले मॅक आले. म्हणजे मॅक आणि साधा पीसी यांच्या पोटात बरेचसे सारखेच सुटे भाग बसू लागले. ॲपलला याची कल्पना होती. म्हणून मॅकओएस सुरू होताना ॲपलची स्वतःची एक चिप शोधते आणि ती नसेल तर पुढे जात नाही. ही राखण करणाऱ्या फाईलचे नावच आहे ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’, अर्थात ‘मॅक ओएस एक्स चोरू नका’. इतक्या स्पष्ट नावाची फाईल दुसऱ्या कोणत्या प्रणालीत क्वचितच सापडेल.

ही राखण ओलांडण्याचे काम आज ‘ओपनकोअर’ हा मुक्त स्रोत बूटलोडर करतो. तो २०१९ मध्ये आला. त्याआधी क्लोव्हर होता, त्याच्याही आधी कमेलियन.

ओपनकोअर नेमके काय करतो हे बीड जिल्ह्यात समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखाना प्रत्येक कोयत्याशी वेगळा व्यवहार करत नाही, तो मुकादमाशी करतो. टोळीत किती कोयते, कोण कधी पोहोचणार, हे कारखान्याला मुकादमच सांगतो. ओपनकोअर हा असाच मुकादम. संगणक सुरू झाला की तो मॅकओएसच्या आधी जागा होतो, आतल्या भागांची यादी मॅकओएसला कळेल अशा पद्धतीने मांडतो, ॲपलच्या चिपचे सोंग आणणारा ड्रायव्हर भरतो आणि ‘हे यंत्र २०१८ चे मॅक मिनी आहे’ असे सांगून मोकळा होतो. फरक इतकाच की मुकादमाने सांगितलेले कोयते फडात दिसले नाहीत तर भांडण होते, इथे संगणक काळ्या पडद्यावर थांबतो. का थांबला, हे तो सांगत नाही.

कोणता मिनी पीसी चालेल?

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. ‘माझा संगणक नवा आहे, वेगवान आहे, १६ जीबी रॅम आहे, मग जुन्यावर चालते ते यावर का चालणार नाही?’ मॅकओएससाठी वेगाचा प्रश्न दुय्यम आहे. हा भाग ॲपलने स्वतःच्या एखाद्या मॅकमध्ये कधी वापरला होता का, हा खरा प्रश्न. वापरला असेल तर त्याचा ड्रायव्हर मॅकओएसमध्ये आहे, नसेल तर नाही. प्रोसेसरच्या बाबतीत थोडी लवचीकता असते. ग्राफिक्सच्या बाबतीत ती नसते.

उदाहरणच घ्यायचे तर २०१८ च्या मॅक मिनीत इंटेलचा आठव्या पिढीचा आय५-८५००बी प्रोसेसर आणि ‘यूएचडी ६३०’ ग्राफिक्स होते. लेनोव्होच्या थिंकसेंटर एम७२०क्यू किंवा एचपीच्या ईलाइटडेस्क ८०० जी४ मिनीमध्ये आय५-८५००टी मिळतो, ग्राफिक्स तेच यूएचडी ६३०. सख्खे नाहीत, पण चुलत भाऊ नक्की. म्हणून आठव्या, नवव्या आणि दहाव्या पिढीचे, यूएचडी ६३० असलेले डेस्कटॉप प्रोसेसर हा हॅकिन्टॉशचा सर्वांत भरवशाचा पट्टा मानला जातो. इंटेलचे स्वतःचे आठव्या पिढीचे ‘नक’ही त्याच कारणाने गाजले. सहाव्या पिढीचे ग्राफिक्स मॅकओएस व्हेंचुरापासून वगळले गेले. सातव्या पिढीचे आहेत असे सांगून त्यांना पुढे रेटता येते, पण इतके मागे जाऊन पैसे घालण्यात अर्थ नाही.

आता उलट बाजू. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःची एम१ चिप आणली आणि इंटेलचे नवे ग्राफिक्स मॅकमध्ये वापरणे थांबवले. त्यामुळे अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधले यूएचडी ७५०, बाराव्या पिढीपासूनचे यूएचडी ७७० किंवा लॅपटॉपमधले आयरिस एक्सई यांचे ड्रायव्हर मॅकओएसमध्ये नाहीत. ऑनलाइन दुकानात सर्वांत स्वस्त दिसणाऱ्या ‘एन१००’ प्रोसेसरच्या मिनी पीसीचेही तेच. यंत्र नवेकोरे, वीज कमी खाणारे, विंडोजवर उत्तम. त्यावर मॅकओएस कशीबशी सुरू झालीच, तरी ग्राफिक्सला ड्रायव्हर नसल्याने खिडकी सरकवली की मागे तिचा माग राहतो आणि व्हिडिओ एडिटिंगचा प्रश्नच मिटतो. मिनी पीसीत वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवायला सहसा जागा नसते, त्यामुळे उपायही उरत नाही. थोडक्यात, आठ वर्षे जुने यंत्र चालते आणि मागच्या महिन्यात घेतलेले चालत नाही.

एएमडी रायझनचे मिनी पीसी स्वस्त आणि जोरदार असतात. पण ॲपलने एएमडीचा प्रोसेसर कोणत्याही मॅकमध्ये कधी घातला नाही. तिथे प्रणालीच्या गाभ्यालाच ठिगळे लावावी लागतात आणि आतले वेगा ग्राफिक्स हौशी मंडळींनी लिहिलेल्या ड्रायव्हरवर चालतात. रोजीरोटीच्या कामासाठी तो रस्ता नाही.

ग्राफिक्स जुळले म्हणजे झाले का?

नाही. खरी रात्र इथून सुरू होते.

पहिला अडसर वायफाय. बहुतेक मिनी पीसीत इंटेलचे वायफाय कार्ड असते. ॲपलने ते कधी वापरले नाही. हौशी प्रोग्रामरनी त्यासाठी ड्रायव्हर लिहिला आहे आणि त्याने इंटरनेट चालते, मात्र आयफोनवरून फाईल पाठवण्याची एअरड्रॉपची सोय चालत नाही. पूर्वी यावर उपाय म्हणून लोक जुन्या मॅकमधली ब्रॉडकॉमची कार्डे बसवत. २०२३ च्या मॅकओएस सोनोमामध्ये ॲपलने त्या कार्डांचा आधारही काढून घेतला.

दुसरा अडसर ग्रामीण भागात जास्त जाणवतो, तो डेटाचा. मॅकओएस उतरवण्याची सरळ पद्धत अशी : ओपनकोअरसोबत मिळणारा छोटा प्रोग्राम ॲपलच्या सर्व्हरवरून आधी फक्त ‘रिकव्हरी’ आणतो. ती एक जीबीच्या आत असते. मूळ प्रणाली मात्र इन्स्टॉल करताना इंटरनेटवरून येते आणि ती बारा जीबीहून मोठी असते. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हे काम होत नाही. त्यात अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून संगणकाला इंटरनेट देण्याची सोय मॅकओएसमध्ये मुळातून नाही, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. म्हणून ज्या घरी फायबर आहे तिथे राउटरमधून थेट लॅनची तार मिनी पीसीला जोडणे सर्वांत सोपे. या यंत्रांतली लॅन चिप बहुधा इंटेलची किंवा रिअलटेकची असते आणि दोन्हींसाठी ड्रायव्हर चांगले आहेत. मध्येच वीज गेली तर इन्स्टॉल पुन्हा पहिल्यापासून करण्याची वेळ येऊ शकते. लॅपटॉपसारखी बॅटरी इथे नाही, त्यामुळे छोटा यूपीएस हवाच.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही, ती एसएसडीची. कार्यालयीन संगणकांत सॅमसंगची ‘पीएम९८१’ ही एनव्हीएमई एसएसडी सर्रास सापडते. विंडोजवर ती झकास चालते, मॅकओएसवर मात्र तिच्यामुळे प्रणाली मध्येच कोसळते. कारण न कळल्याने लोक ग्राफिक्सच्या सेटिंग बदलत बसतात आणि दोष असतो डिस्कचा. यंत्र घेताना झाकण उघडून एसएसडीवरचे लेबल वाचले तर आठवडा वाचतो.

याशिवाय बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करणे, ‘सीएफजी लॉक’ उघडणे हे सोपस्कार आहेत. लॉक बायोसमधून उघडत नसेल तर ओपनकोअरमध्ये त्यावर तोड आहे. यूएसबीचे एक जुने दुखणेही आहे. मॅकओएस एका कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मोजते आणि प्रत्येक यूएसबी ३ पोर्ट दोनदा मोजला जातो. म्हणून कोणते पोर्ट ठेवायचे, कोणते वगळायचे याचा नकाशा हाताने करावा लागतो. तो नीट नसेल तर संगणक झोपतो आणि उठत नाही. मॉनिटर जुना, फक्त व्हीजीए तारेचा असेल तर चित्र येईलच याची खात्री धरू नये. डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर बरा.

आयमेसेज, फेसटाइमसाठी खऱ्या मॅकसारखा अनुक्रमांक लागतो. हॅकिन्टॉशमध्ये तो तयार करून भरलेला असतो. ॲपलच्या सर्व्हरने तो नाकारला तर दाद कुठे मागणार? आपले रोजचे ॲपल खाते अशा यंत्रावर वापरणे टाळलेलेच बरे.

कायदा काय सांगतो?

मॅकओएस फुकट उतरवता येते, याचा अर्थ ती कुठेही बसवता येते असा होत नाही. ॲपलच्या परवान्यात ती केवळ ॲपलच्या नाममुद्रेच्या संगणकावरच बसवावी, अशी स्पष्ट अट आहे. हॅकिन्टॉश ही अट मोडतो.

ही अट न्यायालयात तपासलीही गेली. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या ‘सायस्टार’ कंपनीने एप्रिल २००८ मध्ये मॅकओएस घातलेले स्वस्त संगणक विकायला काढले. जुलैमध्ये ॲपलने दावा लावला. नोव्हेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी सायस्टारने कॉपीराइटचा भंग केल्याचा निकाल दिला, पाठोपाठ विक्रीवर बंदी आली आणि २०११ मध्ये वरच्या न्यायालयाने ॲपलचीच बाजू उचलून धरली. घरी बसून प्रयोग करणाऱ्या हौशी लोकांच्या मागे ॲपल सहसा लागलेले नाही. विकणाऱ्याची गोष्ट वेगळी.

भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद त्यात आहे. त्यामुळे ‘मॅक टाकून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला पैसे देण्याआधी विचार करावा. त्यात आणखी एक धोका आहे. अनोळखी माणसाने तयार केलेली आयती इमेज पेनड्राइव्हवरून टाकली तर त्यात आणखी काय मिसळले आहे हे कळायला मार्ग नसतो. त्याच संगणकावर बँकेचा पासवर्ड टाइप होणार असतो.

टाहोनंतर काय?

जून २०२५ च्या विकासक परिषदेत ॲपलने सांगितले की इंटेल मॅकसाठी टाहो ही शेवटची मोठी आवृत्ती असेल, त्यांना सुरक्षा अपडेट मात्र आणखी तीन वर्षे मिळतील. टाहोच्या यादीत इंटेलचे चारच मॅक उरले : २०१९ चा १६ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा चार थंडरबोल्ट पोर्टचा १३ इंची मॅकबुक प्रो, २०२० चा आयमॅक आणि २०१९ चा मॅक प्रो. ज्याचे नाव घेऊन बहुतेक मिनी पीसी मिरवत होते तो २०१८ चा खरा मॅक मिनीसुद्धा यात नाही. त्याचा प्रवास २०२४ च्या सिक्वोइयावर थांबला.

ओपनकोअरने टाहोलाही दार उघडले आहे. यंत्राची ओळख मॅक मिनीऐवजी २०२० चा आयमॅक अशी सांगितली की ती चढते. पण ॲपलने टाहोमधून जुना ध्वनी ड्रायव्हर काढून टाकला, कारण यादीतल्या मॅकना त्याची गरज नव्हती. परिणामी अनेक हॅकिन्टॉश टाहोवर गेले आणि मुके झाले. पुन्हा ठिगळ लावायचे, नाहीतर यूएसबीचे साउंड कार्ड वापरायचे. म्हणून आठव्या पिढीच्या मिनी पीसीवर सध्या सिक्वोइया हीच शहाणपणाची निवड.

त्यापुढच्या आवृत्त्या फक्त ॲपलच्या चिपसाठी असतील. तिथे ओपनकोअरचा मुकादम चालत नाही. ॲपलच्या चिपमधले ग्राफिक्स, सुरक्षा आणि सुरू होण्याची प्रक्रिया सगळे ॲपलचेच आहे, तसा भाग बाजारात सुटा मिळत नाही. त्यामुळे नुसत्या एआरएम प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपवर उद्या मॅकओएस चालेल, ही आशा फोल आहे.

ॲप बनवणाऱ्याला घड्याळ आणखी जवळ दिसते. ॲपलच्या नियमानुसार एप्रिल २०२६ पासून ॲप स्टोअरवर जाणारी ॲप्स आयओएस २६ च्या साधनांनीच बांधलेली हवीत. त्यासाठी एक्सकोड २६ लागतो आणि त्याला किमान सिक्वोइया १५.६ हवी. म्हणजे सिक्वोइयावरचा मिनी पीसी या घडीला दारात उभा राहू शकतो. पण ॲपल ही अट दरवर्षी पुढे सरकवते. आज घेतलेले यंत्र शिकण्यासाठी दोन-एक वर्षे कामी येईल, धंद्याच्या भरवशाचे मात्र नाही.

मग करावे काय?

ॲप शिकायचे असेल तर विंडोज किंवा लिनक्सवर फ्लटरमध्ये काम करावे आणि आयफोनसाठीची बांधणी गिटहबवर करावी. सार्वजनिक प्रकल्पांसाठी गिटहब आपल्या खऱ्या मॅक सर्व्हरवर ही बांधणी फुकट करू देते. ॲप स्टोअरवर टाकायचे तर ॲपलचे वर्षाला ९९ डॉलरचे सदस्यत्व लागते, मग यंत्र कोणतेही असो. व्हिडिओसाठी ‘दाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती विंडोजवर चालते आणि लग्नाच्या कामाला ती पुरेशी आहे. मॅकच हवा असेल तर २०२० चा एम१ चिपचा वापरलेला मॅक मिनी शोधावा. तो टाहो अधिकृतपणे चालवतो, ध्वनीपासून एअरड्रॉपपर्यंत सगळे जागेवर असते आणि रात्री जागाव्या लागत नाहीत.

इतके करूनही कोणाला हॅकिन्टॉश करूनच पाहायचा असेल, आणि संगणक आतून कळण्यासाठी याइतका चांगला वर्ग दुसरा नाही हेही खरे, तर घरात आधीच असलेल्या यंत्रावर करावा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ विभागात प्रोसेसरचे आणि जीपीयूचे नाव दिसते. तिथे यूएचडी ६३० असेल तर एखादी रिकामी एसएसडी लावून कामाला लागावे, विंडोजची मूळ डिस्क बाजूला काढून ठेवावी. एन१०० दिसले तर पेनड्राइव्ह बनवण्याचेही कष्ट घेऊ नयेत.